बोट धर बाळा

"ची!" श्रीकरनं कानांवरचा हेडफोन काढून टेबलावर आपटला. "ची! शेण केलं माझ्या भाषेचं!"

काचेपलीकडे कविता माइकसमोर तशीच उभी राहिली. बंगळूरची मुलगी, सकाळच्या गाडीनं तंजावुरात उतरलेली. ओळ होती 'बोट धर बाळा, गोड गोड चाल'. बाईसाहेबांनी गायली 'पोट तर पाळा, कोड कोड चाल'. तीनदा गायली. सुरात, ठेक्यात, एक मात्रा न चुकवता.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर श्रीकरची आत्या वेंकूबाई बसली होती. श्रीकरच्याही आधी ते तिच्याच कानाला खटकलं होतं. "हें काय गे?" ती म्हणाली होती. "पोटास काय झालें?"

राजवाड्यामागच्या गल्लीत, टायपिंग शिकवणाऱ्या एका क्लासच्या माडीवर हा स्टुडिओ. भिंतींना अंड्यांचे कागदी ट्रे चिकटवलेले. पंखा बंद, कारण त्याची घरघर टेपवर येते. सगळे घामानं निथळत होते आणि खोलीत नासक्या अंड्यांचा वास मारत होता.

श्रीकर कीबोर्ड वाजवायचा आणि विघ्नेश ठेक्याचं यंत्र चालवायचा. दोघांचा मिळून बँड, 'डेल्टा'. परदेशी यंत्रं बाजारात मिळू लागली आणि यांचं नशीब फळफळलं. पहिली कॅसेट गावातल्या प्रत्येक बसमध्ये वाजली. पण पेपरात एकानं लिहिलं, 'यंत्रं छान आहेत, माणूस कुठे आहे?' ते श्रीकरच्या जिव्हारी लागलं. म्हणून दुसऱ्या कॅसेटमध्ये घरचं मराठी गाणं घालायचं ठरलं. मद्रासच्या कंपनीनं स्पष्ट बजावलं होतं, हे गाणं जमलं तर कॅसेट काढू, नाहीतर रामराम.

गाणं वेंकूबाईचं. याच गाण्यावर तिनं श्रीकरला पहिली पावलं टाकायला शिकवलं होतं. देताना तिनं एकच अट घातली. "शब्द मोडलास तर गाणें परत घेईन." पिढ्यानपिढ्या तंजावुरात राहिलेल्या या मराठी घरात देवनागरी कोणालाच वाचता येत नव्हती. ती सांगत गेली, त्यानं तमिळ अक्षरांत उतरवून घेतलं आणि तोच कागद कविताला पाठवला. आता तमिळ लिपीत क आणि ग यांना एकच अक्षर, प आणि ब यांनाही एकच, त आणि ध यांचंही तेच. घरचा माणूस बरोबर वाचतो आणि परका घसरतो, असं श्रीकर छातीठोकपणे सांगायचा. मराठीचा एवढा कैवारी, पण आत्यानं मराठीत विचारलं की उत्तर द्यायचा तमिळमध्ये!

आत्ताही तो तमिळमध्येच ओरडत होता.

"कोड म्हणजे काय, ठाऊक आहे? अंगावरचे पांढरे डाग! चालायला शिकणाऱ्या पोराच्या अंगावर तू कोड घालतेस! किळस येते मला ऐकताना. कागद समोर धरून नुसतं घोकलंस ना? तुझ्यापेक्षा पोपट बरा."

शी! पाहुण्या पोरीशी हे असं बोलणं. विघ्नेशनं मान खाली घातली. कविताचे डोळे भरून आले, पण आवाज हलला नाही.

"कागद पिशवीत आहे, सार. त्याची घडीसुद्धा मोडलेली नाही. मला तमिळ बोलता येतं, वाचता येत नाही."

"मग शिकलीस कुठून?"

"तुम्ही पाठवलेल्या कॅसेटवरून. तुम्हीच गायलात ना? महिनाभर तेच ऐकलं. तुमची भाषा म्हणून एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही."

विघ्नेशनं कपाटातून त्या कॅसेटची मूळ प्रत काढली आणि लावली. आधी यंत्राचे चार ठोके आले. मग श्रीकरचा आवाज आला, संथ आणि अगदी ऐटीत. पोट तर पाळा. कोड कोड चाल.

श्रीकरनंच हात लांब करून टेप बंद केली. त्याचे कान लाल झाले होते. काचेपलीकडे बघायची त्याला लाज वाटली, म्हणून तो आत्याकडे वळला.

"घे तुझं गाणं परत," तो तमिळमध्ये पुटपुटला. "ची! ची!"

वेंकूबाईनं पदरानं कपाळाचा घाम टिपला.

"गाण्याचें मागून बघूं," ती म्हणाली. "आधीं 'शी' म्हण रे, बाळा. 'ची' तर तमिळ."