वळणावरची घरघर

बोटीचा आवाज कुठून येतोय ते कळेना, म्हणून तनुजा रडकुंडीला आली होती. वडील गेल्यावर त्यांचं खडकवासल्याचं बोटदुरुस्तीचं वर्कशॉप तिनं चालवायला घेतलं, त्यातलं हे पहिलंच मोठं काम. आणि मालक संध्याकाळी बोट न्यायला येणार होता. शेवटी बोट पाण्यात घालून तिनं सदाशिव पेठेत आईला फोन लावला.

"सरळ जाताना येतो का गं?" मुक्ताबाईंनी शेंगा निवडता निवडता विचारलं.

"नाही. फक्त वळताना."

"मग वळव. ऐकू दे."

तनुजानं बोट डावीकडे घेतली आणि फोन मागे धरला.

"टकटक असती तर सांधा गेला म्हटलं असतं. ही घरघर आहे. इंजिनाकडून पंख्याकडे जाणाऱ्या दांड्याचं बेअरिंग गेलंय. तू काय उघडलंस?"

"इंजिन."

"आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी."

"आई, तू तर जन्मात कधी बोटीत पाय ठेवला नाहीस."

"तू झोपलीस की तुझे बाबा जेवायला बसायचे, आणि दिवसभरातले सगळे आवाज घशातून काढून दाखवायचे. भात निवून जायचा, पण ह्यांची घरघर संपायची नाही. हुबेहूब अशीच."

तनुजा हसली. "ठेवते आता. बेअरिंग बदललं की हा आवाज कायमचा जाईल."

मुक्ताबाईंनी शेंगांचं ताट बाजूला सारलं आणि फोन दोन्ही हातांनी कानाशी घट्ट धरला.

"बदल गं. पण त्याआधी अजून एकदा वळव."