पाठमोऱ्याची वाटणी

अमेरिकेतल्या कॅरोलायनात इंग्लंडच्या राजासाठी आपल्याच बंडखोर शेजाऱ्यांवर बंदुका रोखणारी आमची पलटण. मांस वाटताना एकानं तुकड्यावर बोट ठेवायचं, दुसऱ्यानं पाठ फिरवून नाव घ्यायचं, म्हणजे भांडण नको.

काल पाठमोऱ्या जेबेझनं परवाच पुरलेल्या एनॉसचं नाव घेतलं आणि पुढचा दात पडलेल्या सायलसला वगळलं.

"मेलेल्यांना जेवू घालतोस काय रे?" आम्ही हसलो. संध्याकाळी बंडखोरांच्या गोळीनं सायलस गेला.

आज आम्ही तिघंच उरलो होतो. बोट माझं होतं, पाठ जेबेझची.

"हा कुणाचा?"

"माझा."

"हा?"

"अ‍ॅमोसचा."

शेवटच्या तुकड्यावर बोट ठेवून मी थांबलो; आता फक्त माझंच नाव उरलं होतं.

"विचार की लेका!" जेबेझ पाठमोराच ओरडला.

"हा... कुणाचा?"

"सायलसचा."

मी तुकडा उचलला. खालच्या बाजूला दात नुकतेच उमटले होते, पुढचा एक सोडून.