सुईखालचा कागद

"काका, मशीन चालवता का जरा?"

शिंप्याने दार उघडून आधी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या खांद्यावरच्या पोरीकडे. पोरीचे डोळे लाल आणि टक्क उघडे. आईचेही लालच, पण अर्धे मिटलेले.

"काय शिवायचंय?"

"काही नाही. नुसतं चालवा. ही झोपत नाहीये हो. इथे राहायला आल्यापासून नऊ दिवस झाले. दहा मिनिटं डुलकी, की पुन्हा जागी. डॉक्टर म्हणतात, पोर ठणठणीत आहे." ती चौकटीला टेकली. "आज सकाळी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जुन्या घरी तुमची-आमची भिंत एकच होती ना. जन्मल्यापासून ही तुमच्या मशीनच्या आवाजावर झोपलीय."

"आणि तू त्याच भिंतीवर उलथनं आपटायचीस. काका, बास करा, डोकं उठलं म्हणून."

"तेव्हा ही पोटात होती. आता हात जोडते." हात जोडायला मोकळे नव्हते, तिने नुसती मान झुकवली. "दीडला नणंद येईल हिच्यापाशी. दोनची माझी शिफ्ट. काल पॅकिंग करताना उभ्या उभ्या डोळा लागला माझा. आज लागला तर उद्यापासून घरीच बस म्हणालेत. तासभर झोपू द्या मला, काका."

शिंपी दारातून बाजूला झाला. दार त्याने तसंच उघडं ठेवलं. नव्या इमारतीत येऊनही ती सवय काही गेली नव्हती.

मशीन कोपऱ्यात होतं. त्यावर चादर, चादरीवर टीव्ही. दोघांनी मिळून टीव्ही खाली उतरवला. तो उचलताना शिंप्याची कंबर धरली, तो तसाच वाकून काही वेळ उभा राहिला.

"खाली गाळा मिळणार होता ना तुम्हाला?"

"खाली व्यायामशाळा आहे, कॉफीचं दुकान आहे. शिंपी त्यात शोभत नाही म्हणे." त्याने चादरीची घडी घातली. "त्या कॉफीवाल्याने टेबलांखाली जुन्या मशीनची पायडलं बसवलीत, बघितलीस? लोक त्यावर पाय ठेवून कॉफी पितात. त्याला नोटीस नाही. मला आली."

नोटीस आरशाच्या फटीत खोचलेली होती. जाड, गुळगुळीत कागद, वर या इमारतीचं चित्र. राहत्या घरात शिवणयंत्र चालवण्यास मनाई आहे.

"मग राहू द्या, काका. उगाच तुमच्यावर नको."

"बस तिथे भिंतीला टेकून."

त्याने सुईतला दोरा ओढून काढला. दोरा फुकट कशाला घालवायचा. मग तो खोलीभर काहीतरी शोधू लागला. कपाट उघडलं, गादीखाली पाहिलं.

"काय हवंय?"

"चिंधी. रिकामं मशीन चालवत नाहीत गं, कापड सरकवणारे दात घासतात. चिंध्यांचं पोतं होतं माझं. सामान हलवताना सूनबाईंनी टाकून दिलं, नव्या घरात कचरा नको म्हणून." त्याने आपल्या सदऱ्याचं टोक हातात धरून पाहिलं आणि सोडून दिलं. मग आरशातली नोटीस काढली.

"कागदाने सुई बोथट होते ना?"

"होऊ दे. आता कापडासाठी तिला जपायची कुणी?"

नोटीस सुईखाली गेली. पाय पायडलवर आला. आधी चाक कुरकुरलं, मग लय लागली. कट-कट-कट-कट. मध्ये एक श्वास, कागद वळवायला. पुन्हा कट-कट-कट.

पोरीने आवाजाकडे मान वळवली. कपाळाला आठी घालून ती ऐकत राहिली, कुणी ओळखीचं हाक मारतंय तसं. मग तिची मूठ सैल झाली. तोंड आईच्या गळ्याशी घुसलं.

"झोपली का?" शिंप्याने विचारलं.

त्याने वळून पाहिलं. आईची मान एका बाजूला पडली होती, तोंड उघडं. झोपेतही एक हात पोरीच्या पाठीवर घट्ट होता.

शिंपी चालवत राहिला. गुडघा ठणकायला लागला तसा त्याने पाय बदलला.

अर्ध्या तासाने दारात बूट वाजले. इमारतीचा मॅनेजर. काखेत फाईल.

"काका, तुम्हाला लेखी कळवलं होतं. चौथ्या मजल्यावरून फोन आलाय, छत थरथरतंय म्हणून. इथे धंदा—"

शिंप्याने ओठांवर बोट ठेवलं. पाय चालूच.

"कसला धंदा? दोरा आहे का बघा."

मॅनेजरने वाकून पाहिलं. सुईत दोरा नव्हता. सुईखालच्या कागदावर बारीक भोकांच्या रांगा होत्या, शेतातल्या सऱ्यांसारख्या सरळ. त्यातून इमारतीचं चित्र जेमतेम ओळखू येत होतं. खाली त्याची स्वतःची सही होती.

"ही आमची नोटीस आहे," तो हळू आवाजात म्हणाला.

"कापड नव्हतं."

"थांबवा, काका."

"थांबवतो की. पण हे थांबलं की ती उठणार, आणि ती उठली की तिची आई. एकीला मी घेतो. दुसरीचं काय ते तुम्ही बघा."

मॅनेजरने भिंतीकडे पाहिलं. मग आवाज न करता फाईल उघडली, तसाच दुसरा कागद काढला आणि मशीनच्या पाटावर ठेवला.

"ही शेवटची," तो कुजबुजला. जाताना त्याने दार हलकेच ओढून घेतलं.

घड्याळात पाऊण वाजला होता. पहिल्या कागदावर आता बोटभरही जागा उरली नव्हती. शिंप्याने दुसरा त्याच्या कडेला लावला आणि पाय न थांबवता सुईखाली सरकवला.