बोगद्यातली अळंबी

कोळशाची खाण बंद पडली तशी गावातली कर्ती माणसं पोटामागे पांगली. गावातल्या एका सुनेचा नवराही दूरच्या बंदरावर माल उचलायला गेला. जुन्या बोगद्यात अळंबी पिकवायचं काम निघालं, तेव्हा सर्वांत आधी तिनं नाव दिलं आणि वर्षभरात ती मुकादमही झाली. जन्मभर खाणीत राबलेले सासरे मात्र धुमसत होते. "त्या बिळानं माझी छाती पोखरली. उद्या तुलाही गिळेल." "बाबा, एकदा येऊन तर बघा. नाही पटलं तर काम सोडते." खाणीला टाळं लागल्यापासून ते तिकडे फिरकले नव्हते. त्या सकाळी काठी टेकत तिच्यामागून आत शिरले. वळणावर तिनं दिवा लावला आणि ते थबकले. उभ्या जन्मात काळ्याच पाहिलेल्या त्या भिंतींना लागून फळ्यांवर फळ्या पांढऱ्याशुभ्र फुलल्या होत्या, जमिनीच्या पोटात चांदणं सांडावं तशा. कुठेतरी पाणी ठिबकत होतं. सासऱ्यांनी एक अळंबी अलगद खुडली, तळहातावर ठेवली आणि स्वतःच्या हाताकडेच बघत राहिले. "इथून असे स्वच्छ हात घेऊन बाहेर पडता येतं, पोरी?" त्यांनी हळूच विचारलं. "रोज, बाबा." बाहेर उन्हात येताच त्यांनी तिचा फोन मागून घेतला. पलीकडून लेकाचा आवाज आला. "अरे, खाण सुरू झालीय. घरी ये," ते म्हणाले. मग सुनेकडे बघून मिश्कील हसले. "फक्त मुकादम तुझी बायको आहे. कुरकुर चालायची नाही."