बेरिलचं थडगं

“थडगं आम्ही उचलून नेऊ, अंकल. पाद्री बोलावू, बँड बोलावू. होसूर रोडच्या कबरस्तानात मॅडमना झाडाखालची जागा घेऊन देऊ,” संपत म्हणाला. हा बिल्डरचा माणूस. बोलणं तुपातलं, डोळे मात्र सतत बंगल्याची लांबी-रुंदी मोजणारे.

“माझी बायको इथून हलणार नाही,” सिरिल वेस्टकॉट म्हणाले आणि त्यांनी चहात बिस्किट बुडवलं. विषय संपला.

गॅरेजमध्ये शिलाई मशीनवर बसलेल्या तहसीनच्या जिवात जीव आला. हे गॅरेज म्हणजे तिचं दुकान, आधी तिच्या अम्मीचं. लग्नाचे पांढरे झगे शिवून घ्यायला अर्ध्या बेंगळुरूतल्या नवऱ्या इथं यायच्या. बंगला गेला की दुकान गेलं, आणि दुकान गेलं की चूल विझली. कमर्शियल स्ट्रीटचा बाजार वाढत वाढत मागच्या गल्लीतही शिरला होता. डावीकडच्या बंगल्याच्या दिवाणखान्यात आता चपला, उजवीकडच्याच्या न्हाणीघरात मोबाइलची कव्हरं! मधे हा एकटाच उरलेला, कौलारू, हट्टी. आणि त्याच्या अंगणात, बोगनवेलीच्या जाळीखाली, तो दगड. ‘बेरिल वेस्टकॉट, प्रिय पत्नी.’ खाली जन्माचं आणि मृत्यूचं साल.

त्या दगडानंच आजवर तारलं होतं. थडग्यावर बांधलेल्या मॉलमध्ये गाळा कोण घेणार?

“बंगला तिच्या डॅडींचा,” अंकल नेहमी सांगत. “त्यांनी लेकीच्या नावावर केला. ती वारली म्हणून मी मालक. नाहीतर मी कोण, रेल्वेचा साधा गार्ड!” बेरिल आंटी कशानं वारल्या ते मात्र बदलत राहायचं. अम्मीला त्यांनी टायफॉइड सांगितला होता, तहसीनला हार्ट. म्हातारपण, दुसरं काय!

संपतची मोटारसायकल गेल्यावर तहसीन कात्री हातात घेऊनच व्हरांड्यात आली.

“अंकल, तो परत येणार. आपलं थडगं कुणाला दिसतच नाही ना! दगडावर शेवाळ, वर ही बोगनवेल. दोन नोव्हेंबर येतोय. तुमची माणसं त्या दिवशी कबरींवर मेणबत्त्या लावतात. तुम्ही कधीच का लावत नाही?”

“बेरिलला मेणबत्तीचा धूर सोसत नाही.”

“अहो, आता काय सोसायचं राहिलंय त्यांचं?”

अंकल हसले नाहीत. “तू आपले झगे शिव, पोरी.”

पण तहसीन ऐकेल तर ना! रविवारी अंकल चर्चला गेले, तशी तिनं बोगनवेल छाटली, काथ्यानं दगड घासून लख्ख केला, वर शेवंती वाहिली. माप द्यायला आलेल्या एका नवरीनं फोटो काढला आणि जगभर पांगलेल्या अँग्लो-इंडियन मंडळींच्या ग्रुपवर टाकला. खालची ओळ तहसीनची: ‘आमच्या बेरिल आंटींना मॉलपासून वाचवा! दोन नोव्हेंबरला मेणबत्ती लावायला या!’ संध्याकाळपर्यंत लोकांनी भराभरा हात जोडले. टोरंटोहून, लंडनहून, पर्थहून.

तहसीन फोन नाचवतच व्हरांड्यात गेली. “बघा अंकल! आता येऊ दे त्या संपतला!”

फोटो बघता बघता अंकलचा चेहरा राखेसारखा झाला.

“कुणाला विचारून केलंस?”

“अंकल, मी तर आपल्या—”

“काढ तो! आत्ताच्या आत्ता काढ!”

कप फरशीवर फुटला. त्यानंतर ते तिच्याशी बोलेनासेच झाले. तहसीनला राग आला नाही. बायकोवर एवढा जीव असणारी माणसंही असतात तर, तिला वाटलं. तिचा नवरा सौदीला गेल्यापासून साधा फोनही करत नव्हता.

दोन नोव्हेंबरला बंगल्याचं फाटक सताड उघडं होतं. चपलांच्या दुकानातल्या पोरी मेणबत्त्या घेऊन आल्या. कोपऱ्यावरच्या मोमोवाल्यानं हार आणला. ग्रुपवरची माणसं तर कुठून कुठून आली. अंकल तेवढे व्हरांड्याच्या खांबाला धरून उभे होते, खाली उतरायला तयार नाहीत.

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. पुढून संपत उतरला आणि मंत्र्याची बायको असावी तसं त्यानं अदबीनं मागचं दार उघडलं. निळ्या फ्रॉकमधल्या, पांढऱ्याशुभ्र केसांच्या एक बाई काठी टेकत बाहेर आल्या.

“पर्थहून आल्यात,” संपत म्हणाला. “फोटो बघून.” आणि तो चक्क हसत होता.

एवढ्या लांबून! तहसीनचा ऊर भरून आला. कुणीतरी जवळच्या नात्यातल्या असणार. आता बिल्डरची काय बिशाद! तिनं गर्दी बाजूला सारली आणि आपली पेटती मेणबत्ती बाईंच्या हातात दिली.

“या ना आंटी. पहिली तुम्हीच लावा.”

बाई वाकल्या. चष्मा नाकावर सरकवून, अक्षरांवरून बोट फिरवत त्यांनी सावकाश दगड वाचला. मग मेणबत्तीवर फुंकर मारली आणि व्हरांड्याकडे वळून पाहिलं.

“जन्माचं साल तरी बरोबर घालायचंस, सिरिल. तीन वर्षांनी म्हातारी केलीस मला.”