कसर

महाडच्या छोट्या संग्रहालयात कापडाला कसर, म्हणजे कापड कुरतडणारी कीड, लागली की वास घेऊन ती ओळखावी शिपाई कुशाबानेच. सत्त्याण्णव साली भिंग घेऊन मुंबईची कापडतज्ज्ञ रंजिता आली, आणि साहेबांच्या तोंडी तिचंच नाव बसलं.

कुशाबाच्या पोटात दुखलं. तिने तपासून बंद केलेल्या शेल्याच्या पेटीत त्याने कसर लागलेला घोंगडीचा तुकडा गुपचूप सारला.

महिन्याने तिने साहेबांसमोर पेटी उघडली. शेला धड होता. तुकडा कुठेच नव्हता.

"नीट बघा, कसर हाय!" कुशाबा ओरडला.

"आहे खरी, काका," रंजिता फरशीकडे बघत म्हणाली.

कुशाबाने आधी सदरा चाचपला. तो धड होता. मग त्याने खाली पाहिलं. खिडकीच्या उन्हात पडलेल्या त्याच्या सावलीला बारीक भोकं पडली होती, आणि छातीपाशी एक हळूहळू मोठं होत होतं.