कोरडा चट्टा

कशेडी घाटात रस्त्याच्या कामावर खडी वाहणाऱ्या बायकांची कुष्ठरोगाची तपासणी होती. मे महिन्याच्या उन्हात सगळ्यांची अंगं निथळत होती. आरोग्यसेविका उज्वलाने मंजुळामावशींची चोळी वर केली, तर घामाने चिंब पाठीवर तळहाताएवढा एक चट्टा कोरडा ठणठणीत. तिने तिथे पेनाचं टोक टेकवलं.

"मावशी, कळतंय?"

"नाय गो. काय कळायचंय?"

"इथली नस बधिर झालीय, म्हणून छिद्रांतून घामच येत नाही. सुरुवातच आहे. सहा महिने गोळ्या घेतल्यात की बरं होईल. पण घरात कुणाला कसा दिसला नाही हा?"

"मालक वारून अकरा वर्सं झाली. माझी पाठ कोन बघनार?"

उज्वला दर महिन्याला पोलादपूरहून वाडीवर यायची. समोर बसून गोळ्या घ्यायला लावायची, मग पाठीवर बोटं फिरवून चट्टा तपासायची. त्या दिवशी मंजुळामावशी कामावर जायच्या नाहीत. डोक्यावरून न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून सकाळपासून ओटीवर बसून राहायच्या.

दिवाळीनंतर उज्वला आली तेव्हा चट्टा जवळजवळ मावळला होता. बोट टेकवलेलं मावशींना कळत होतं. तिने कार्डावर शेवटची खूण केली.

"झालं, मावशी. बऱ्या झालात. आता मला यायला नको."

मावशींनी चोळी खाली ओढली नाही. पाठ तशीच तिच्याकडे ठेवून त्या म्हणाल्या, "नीट बघ गो बाय. अजून कुठंतरी असंल."